अठ्ठ्याऐंशी गुणांची संमती

वाक्य एक. ऑपरेशननंतर रुग्णाचं आयुष्य पूर्णपणे पूर्वीसारखं होतं.

ऑपरेशनला चार दिवस झाले होते. पहिले तीन दिवस मन्मथअप्पा गुंगीतच होते. डोळे मिटून "हं, हं" करायचे आणि पुन्हा झोपायचे. चौथ्या दिवशी सकाळी नऊ वाजता महानंदा मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन खोलीत शिरली, तर अप्पा उशीला टेकून ताठ बसलेले. कानामागं बोटभर पट्टी, बाकी गडी टवटवीत. चार दिवसांत एकही फिट आली नव्हती. आनंद बोलून दाखवला तर दृष्ट लागेल, असं महानंदाला वाटलं. ती गुपचूप पुढं झाली आणि डबा उघडू लागली.

"सिस्टर," अप्पा अदबीनं म्हणाले, "आमच्या मंडळी खाली दिसल्या का हो? डबा घेऊन यायच्या होत्या."

महानंदाला हसू आलं. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसानं अशी कोऱ्या चेहऱ्यानं कितीदा थट्टा केली होती. तिनंही सोंग पुढं चालवलं. काही न बोलता ताटलीत खिचडी वाढली, वर तूप सोडलं.

"राहू द्या हो, सिस्टर. ती येऊन वाढील. दुसऱ्या कुणी वाढलेलं दिसलं की फुगून बसती ती. मेसमध्ये तीनशे पोरं माझ्या हातचं जेवतात, पण माझ्या ताटाला हात लावायचा मक्ता तिचा."

"अहो, पुरे आता नाटक," महानंदा म्हणाली.

अप्पांच्या हातातला चमचा फरशीवर पडून खणकला. ते तिच्याकडं बघत राहिले. डोळे बघितले, नाक बघितलं, कपाळावरचं कुंकू बघितलं, पुन्हा डोळे बघितले. न येणाऱ्या लिपीतली पाटी कुणी वाचायला लावावी, तसे.

"महानंदा?"

"मग कोण?"

"आवाज तुझाय," अप्पा म्हणाले. "पण हे तोंड कुणाचंय?"

वाक्य दोन. यंत्राला कधीच फसवता येत नाही.

हे कसं झालं ते सांगायचं तर चार वर्षं मागं जावं लागेल, संमतीचा नवा कायदा आला तिथपर्यंत.

त्याआधी ऑपरेशनच्या संमतीला काही अर्थच उरला नव्हता. बारीक अक्षरातला कागद यायचा, पेशंट चष्मा शोधायचा, आणि विचारायचा एकच प्रश्न: "सही कुठं करू?" पाय कापल्यावर लोक विचारायचे, पाय कापणार होतात का? डॉक्टर कागद दाखवायचे. सही असायची.

मग बोधमापक आला. कपाळावर बांधायचा दोन बोटं रुंदीचा पट्टा. त्यामागचं शास्त्र साधं होतं. मेंदू नुसता ऐकत नाही. पुढं काय येणार याचा अंदाज बांधत ऐकतो. "चहात साखर घाल" हे वाक्य कानावर पडताना 'साखर' उच्चारायच्या आधीच मेंदूनं साखरेचा डबा काढून ठेवलेला असतो. तिथं कुणी "चहात सिमेंट घाल" म्हटलं, की मेंदू दचकतो. अर्ध्या सेकंदाच्या आत, माणसाला स्वतःला कळायच्याही आधी. हा दचका कपाळावरून मोजता येतो. पण चहा म्हणजे काय हेच ज्याला माहीत नाही, तो सिमेंटला दचकत नाही.

तर नियम असा झाला. ऑपरेशनआधी पेशंटला पट्टा बांधायचा. यंत्र त्याला त्याच्याच ऑपरेशनबद्दल चाळीस वाक्यं ऐकवणार. त्यातली बारा खोटी. खोट्या वाक्याला मेंदू दचकला आणि खऱ्याला शांत राहिला, तर त्याला समजलंय असं धरायचं. शंभरपैकी ऐंशी मिळाले तरच सहीचा अधिकार. मग हो म्हणा, नाही म्हणा, ती तुमची मर्जी.

चांगला कायदा होता. पण त्यात गुण होते. गुण आहेत म्हटल्यावर लातूरनं जे करायचं ते केलं. क्लास काढले.

महानंदा बिराजदार त्याआधी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांकडून पर्यायी प्रश्न घोटून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं 'बोधिनी संमती वर्ग' सुरू केला आणि दोन महिन्यांत चौकात फ्लेक्स लागला:

*आमचे यशस्वी रुग्ण!*
*हर्निया: ९४. पित्ताशय: ९१.*
*गुडघे (दोन्ही): ९७, जिल्ह्यात प्रथम!*

खाली हार घातलेले फोटो. नवख्या माणसाचा त्यामुळं गैरसमज व्हायचा, पण मंडळी हयात होती. निकालाच्या दिवशी पेढे वाटायची.

सुरुवातीला ती खरंच शिकवायची. मूत्रपिंड काय, झडप काय, फळ्यावर चित्र काढून. पण सत्तरीतल्या माणसाला पंधरा दिवसांत किती शिकवणार? मग तिला तिची जुनी युक्ती आठवली. पोरांना ती सांगायची, ज्या पर्यायात 'नेहमी', 'कधीच', 'फक्त' आहे तो डोळे झाकून खोडा. निसर्गात काहीच 'नेहमी' नसतं. तिनं बोधमापकाची वाक्यं तपासली. खोट्या वाक्यांत हमखास मोठे शब्द होते. 'कोणताही धोका नाही.' 'शंभर टक्के बरे व्हाल.' 'पुन्हा कधीच होणार नाही.'

मग समजून घ्यायची गरजच काय? त्या शब्दांना दचकायला शिकवलं की झालं.

ती पेशंटच्या मागं उभी राहायची आणि वाक्यं वाचायची. मोठा शब्द आला की त्याच्या कानाशी स्टीलच्या ताटावर डाव आपटायची. ठण्! दिवसातून दोनशे वेळा. आठवड्याभरात ताट नसलं तरी 'कोणताही' म्हटलं की म्हातारा दचकायचा. मेंदू बिचारा प्रामाणिकपणे दचकायचा, आणि यंत्र प्रामाणिकपणे मोजायचं.

तीनशे बारा पेशंट तिनं असे पास केले. एकही नापास नाही.

वाक्य तीन. सर्व माहिती रुग्णाला देण्यात आली.

अप्पांची मेस क्लासच्या गल्लीतच होती. गावोगावची तीनशे पोरंपोरी तिथं जेवायची. जेवणाच्या वेळी अप्पा चुलीपाशी नसायचे. वाढपाच्या टेबलामागं उभे राहायचे, आणि ताटात बघायचे नाहीत, तोंडाकडं बघायचे. हाक पोराच्या गावाच्या नावानं मारायचे.

"काय रे अहमदपूर, चाचणीत मार खाल्लास जणू. बस इथं माझ्यासमोर. भाकरी संपल्याबिगर उठायचं नाही."

तोंड बघून पोर आतून खचलंय हे त्यांना कळायचं. कुणाला रात्री गच्चीवरून खाली आणलं होतं, कुणाच्या बापाला फोन करून सांगितलं होतं, "पोरीला चार दिवस घरी न्या, अभ्यास कुठं पळून जात नाही." ते याचा गाजावाजा करायचे नाहीत. महानंदालाही यातलं निम्मं माहीत नव्हतं.

अप्पांना फिटा सुरू झाल्या त्या सत्तावन्नाव्या वर्षी. गोळ्या थकल्या, फिटा थकल्या नाहीत. एकदा ते भज्यांच्या उकळत्या कढईशेजारीच कोसळले. कढई वीतभर लांब होती. महानंदानं ती वीत पुढं महिनाभर रोज स्वप्नात पाहिली.

डॉ. रुबीना सय्यद उदगीरच्या. मेंदूच्या कामात त्यांचं नाव होतं आणि बोलायला घाई नसायची. त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. उजव्या कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या खालच्या घडीत, शेंगदाण्याएवढी जागा बिघडलीय. तिथून फिटा उठतात. कवटीला बारीक भोक पाडून केसाएवढी तार आत घालायची आणि प्रकाशाच्या धगीनं तेवढी जागा निकामी करायची. शंभरातल्या ऐंशींच्या फिटा थांबतात.

"पण शेजारीच चेहरे ओळखणारी घडी आहे, अप्पा. तिला धग लागू शकते. शंभरातल्या वीसेक लोकांना नंतर चेहरे ओळखू येत नाहीत. डोळे दिसतात, नाक दिसतं, पण माणूस कोण ते कळत नाही, तोंडावरचा भावही वाचता येत नाही." त्या थांबल्या. "दुसरा रस्ता असा, की छातीत एक छोटं यंत्र बसवायचं. फिटा निम्म्यावर येतील, पण संपणार नाहीत. मेंदूला हात लागत नाही. दोन्ही रस्ते बरोबरच आहेत. तुम्हाला काय जपायचंय ते तुम्ही सांगायचं. ही पाच पानं घरी वाचा, आठ दिवसांनी बोलू."

त्याच सकाळी अप्पांना फिट येऊन गेली होती. डोकं जड होतं. निम्मं ऐकू आलं, निम्मं वाहून गेलं. परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "ते शेवटी चेहऱ्याचं काय म्हणूलालत्या डॉक्टरीणबाई?"

महानंदा रस्त्याकडं बघत होती. तिनं मान वळवली आणि अगदी शांत चेहऱ्यानं नवऱ्याकडं बघून सांगितलं.

"तोंड सुजतं म्हणाल्या थोडे दिवस. उतरतं मग."

"हात्तिच्या," अप्पा म्हणाले. "मला वाटलं काय की."

वाक्य चार. नातेवाइकांचा हेतू नेहमीच चांगला असतो.

*प्रश्न. पाच पानांपैकी तिसऱ्या पानावर 'चेहरे ओळखण्याची क्षमता' असा मथळा आहे. पती आंघोळीला गेले आहेत. पत्नीने काय केले? योग्य पर्याय निवडा.*

*(अ) ते पान पतीला वाचून दाखवले.*
*(ब) डॉक्टरांना फोन करून म्हटले, "हे तुम्हीच त्यांना सांगा, माझ्याच्यानं होत नाही."*
*(क) दोन रात्री विचार केला आणि मग सांगितले.*
*(ड) पान फाडून कणकेच्या डब्याखाली ठेवले, उरलेली चार पाने नीट टाचली, आणि स्टीलचे ताट घेऊन पतीला हाक मारली.*

"ए बाई, कान फुटतील माझे," अप्पा स्टुलावर बसून कुरकुरले. "मेसमध्ये ताटं, घरी बी ताटं."

"सरळ बसा. 'या उपचारात कोणताही धोका…'"

ठण्!

"आयव!"

"छान. पुढचं. 'फिट पुन्हा कधीच…'"

ठण्!

"मॅडम, तुमच्या क्लासात म्हातारे मरत कसे नाहीत गं?"

"मरत नाहीत, पास होतात. आठ दिवसांनी बोलायला बोलावलंय त्यांनी. मी सांगितलंय फोनवर, आम्हाला सगळं कळलंय, थेट पट्टाच बांधा."

"अगं, पण मला कळलंय का?"

"मला कळलंय ना?" महानंदा म्हणाली.

यावर अप्पा हसले. एकतीस वर्षं असंच चाललं होतं. घराचा नकाशा, मुलीचं लग्न, गुडघ्याची गोळी. तिला कळलं की दोघांना कळलं. त्यांनी पुन्हा पाठ ताठ केली.

पट्ट्याच्या दिवशी चोविसावं वाक्य आलं: "या ऑपरेशनचा चेहरे ओळखण्यावर कोणताही परिणाम होत नाही." अप्पांचा मेंदू 'कोणताही'पाशी टुणकन दचकला. यंत्रानं बरोबरची खूण केली. एकूण अठ्ठ्याऐंशी. अप्पांनी सही केली. महानंदानं साक्षीदार म्हणून खाली सही केली, आणि गल्लीत पेढे वाटले.

वाक्य पाच. डॉक्टरांची कोणतीही चूक नाही.

"मॅडम, इथं बसा," डॉ. रुबीना म्हणाल्या.

चमचा पडला त्याच दिवशीची दुपार. त्यांच्या टेबलावर अप्पांच्या दचक्यांचा आलेख होता. लांबलचक पट्टीवर बारा टोकं.

"मी आज पहिल्यांदा हा नीट बघितला. चुकीचं वाक्य कळलं की दचका वाक्य पुरं होता होता येतो. अप्पांचा दचका वाक्य निम्म्यावर असतानाच येतोय. बारातले अकरा. 'कोणताही' म्हटलं की दचका, 'कधीच' म्हटलं की दचका. पुढं काय आहे याच्याशी त्याला देणंघेणंच नाही." त्यांनी वर बघितलं. "तुम्ही हे केलंत?"

महानंदा बावीस वर्षं वर्गात उत्तरं देत आली होती. आता तिला एकच सुचलं.

"वीसच टक्के होते, डॉक्टर. शंभरात वीस. उरलेले ऐंशी…"

"ते वीस त्यांचे होते, मॅडम! तुमचे नाहीत, माझेही नाहीत!"

बाहेरची नर्स दारातून डोकावून गेली. डॉक्टरांनी आवाज खाली आणला, पण हात आवरेनात. आलेखाची पट्टी त्या उगाच गुंडाळत आणि उलगडत राहिल्या.

"आणि मला विचाराल तर माझंही तेच झालं. पट्टा नव्हता तेव्हा मी पेशंटला विचारायचे, काका, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू. तासतास जायचा. परवा अठ्ठ्याऐंशी बघितले आणि विचारलंच नाही. तुमच्या नवऱ्याला मी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. तुम्ही काय काम करता, अप्पा, एवढासुद्धा. ते चेहऱ्यांवर जगतात, हे मला आज त्यांच्याकडून कळतंय."

"चेहऱ्यांवर?" महानंदा म्हणाली. "मेस चालवतात ते."

डॉ. रुबीना तिच्याकडं बघतच राहिल्या. हा दचका मोजायला कुणाच्या कपाळावर पट्टा नव्हता.

"तुम्हाला माहीत नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

वाक्य सहा. मेसमध्ये काहीही बदललेलं नाही.

महिन्यानं अप्पा वाढपाच्या टेबलामागं पुन्हा उभे राहिले. फिटा थांबल्या होत्या, ते खरं. हात थरथरत नव्हता, गोळ्या निम्म्या झाल्या होत्या. पोरं "अप्पा!" म्हणत आली आणि तिथं काही अडलं नाही; बोलणाऱ्या पोराला ते आवाजावरनं ओळखायचे. "ये रे, निलंगा." पोरं खूश.

पण खचलेलं पोर बोलत नाही. ते ताट पुढं करतं, घेतं आणि जातं. आधी अप्पा त्यांनाच पकडायचे. आता त्यांच्यासमोरून दोन डोळे, एक नाक, एक ताट, पुन्हा दोन डोळे, एक नाक, एक ताट, अशी रांग सरकायची. आरशातला म्हातारासुद्धा त्यांना परका होता. त्याला ते दाढी करताना "सरका थोडं" म्हणाले होते, आणि मग बराच वेळ बेसिनला धरून उभे होते.

एका दुपारी फोन आला, अप्पांनी तो स्पीकरवर घेतला. जळकोटकडच्या एका गावातून कुणी बाप बोलत होता. त्याची मुलगी न सांगता एस.टी.नं घरी आली होती. तीन दिवस तिनं मेसमध्ये अर्ध्या पोळीवर काढले होते. रोज अप्पांच्या समोरून गेली होती.

"बरी हाय आता," बाप म्हणाला. "आईपाशी झोपलीय. पण ती म्हणती, अप्पा बघून न बघितल्यासारखं करत होते. म्हणून मी… अप्पा, तुम्ही थोरलीच्या वेळी स्वतः फोन केलता मला. या वेळी लक्षात न्हाई आलं का?"

अप्पांनी फोन ठेवला. महानंदा दारातच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या बापाच्या थोरल्या मुलीबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती.

अप्पा वळले आणि कुणीतरी बाई दारात उभी आहे असं बघून अदबीनं म्हणाले, "बोला ताई, डबा लावायचाय का?"

तिनं नकारार्थी मान हलवली. अप्पा तिच्या बाजूनं वाट काढून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मेसमध्ये नवा नियम केला. ताट घेताना प्रत्येकानं नाव सांगायचं आणि सकाळपासून काय खाल्लं ते सांगायचं. पोरं आधी हसली. मग बोलायला लागली. रांग दुप्पट लांबली, भाजी गार व्हायला लागली, आणि अप्पा कान पुढं करून प्रत्येक आवाज असा ऐकायचे, जसा सोनार नाणं वाजवून बघतो.

फोन आला त्या रात्री त्यांनी महानंदाला विचारलं होतं, चेहऱ्याचं डॉक्टरीणबाई खरं काय म्हणाल्या होत्या. तिनं पानाचं सांगितलं. कणकेचा डबा उचलून पान दाखवलंही. "तुम्ही घाबराल म्हणून," ती म्हणाली. अप्पांनी पान शेवटपर्यंत वाचलं. मग एवढंच म्हणाले, "चोविसावं वाक्य मी ऐकलं होतं की गं. पण मी शब्द धरत होतो. ऐकत नव्हतो."

वाक्य सात. रुग्ण आपला निर्णय सांगतो.

सहा महिन्यांनी डॉ. रुबीनांनी दोघांना बोलावलं. नवीन उपचार आला होता. पाऊण तास त्यांनी समजावलं. अप्पांनी मधेच थांबवून सतरा प्रश्न विचारले, महानंदानं मोजले. तिच्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघून तसाही उपयोग नव्हता.

"पट्टा नंतर," डॉक्टर म्हणाल्या. "आधी तुम्ही मला सांगा. पोरांना सांगता तसं."

अप्पांनी खाकरून सुरुवात केली. "उजवीकडं घडी होती ती गेली. डावीकडं बी तसलीच एक असती, पण ती आळशी. तिला रोज थोडा थोडा करंट द्यायचा, झोपलेल्या गड्याला ढोसून उठवल्यागत. वरीसभर दर आठवड्याला इथं यायचं. शंभरातल्या पन्नासांना चेहरे परत दिसाय लागतात. सगळे न्हाईत. घरचे आधी. पण करंटनं फिटा बी जाग्या होऊ शकतात, शंभरात तीस. बरोबर?"

"अगदी बरोबर," डॉ. रुबीना म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं; अप्पांना ते दिसलं, पण कळलं नाही. "मग काय ठरवलंत?"

"नको."

महानंदा खुर्चीतच उसळली. "अहो! काय बोलताय? घरचे आधी म्हणाल्या त्या. मी दिसेन तुम्हाला!"

"म्हणून तर नको."

खोलीत पंखा फिरत होता. अप्पा डॉक्टरांकडं तोंड करून बोलत राहिले, संथपणे, जसा हिशोब पोराला समजावून सांगावा.

"फिट आली आणि कढईत पडलो तर मी मरीन, ते एक झालं. पोरांचं म्हणाल तर ती आता बोलतात. आधी मी बघून सोडून द्यायचो, आता ऐकावं लागतं. निभतंय. पण खरं कारण येगळंय, डॉक्टर. तीनशे पोरांत उपाशी कोण ते मी तोंड बघून सांगायचो. आणि रिक्षात हिनं माझ्याकडं बघून सांगितलं, सूज येती, उतरती. मी हिचं तोंड बघितलं. शांत होतं. मी निवांत झोपलो. एकतीस वर्षं ते तोंड बघितलं की मी इचारायचंच थांबवायचो." त्यांनी मांडीवरची टोपी उलटी केली, सुलटी केली. "आता तोंड कळत न्हाई, नुसता आवाज येतो. आणि आवाजातलं मला ऐकू येतं. परवा म्हणाली, क्लास बंद केलाय. न्हाई केलेला."

महानंदानं चौकातला फ्लेक्स उतरवला होता. वर्ग तिच्या बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत चालायचा. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती.

डॉ. रुबीना तिच्याकडं वळल्या. "मॅडम?"

ती नखानं खुर्चीचं रेक्झिन खरवडत राहिली.

"बोल की," अप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "तू गप्प बसलीस की ही शेजारची बाई कोण, ते मला कळत न्हाई."

तिनं तोंड उघडलं. सवयीनं एक वाक्य तयार होतं. त्यात 'फक्त' होतं. ती थांबली, ते गिळलं.

"चालू आहे क्लास," ती म्हणाली. "चौदा जण आहेत."

"हं."

"आणि पान मी तुम्ही घाबराल म्हणून नाही फाडलं." तिनं खरवडणं थांबवलं. "तुम्हाला समजलं असतं, तर तुम्ही नको म्हणाला असता. मला पक्कं माहीत होतं. म्हणून."

अप्पा त्या आवाजाकडं वळले. परक्या बाईच्या चेहऱ्याकडं त्यांनी बघितलं नाही. डोळे मिटले, आणि कान थोडा पुढं केला.

"पुढं," ते म्हणाले.